बंबकाका आणि उलटं विमान

आमच्या काकांना सगळे ‘बंब’ म्हणत. नाव त्यांच्या नोकरीवरून पडलं की पोटावरून, यावर घरात दोन तट होते. लष्कराच्या ज्या विमानतळावर नवशिके वैमानिक शिकतात, तिथे काका आगीचा बंब चालवायचे. विमानं उतरू लागली की धावपट्टीच्या कडेला गाडी लावून बसायचं आणि काही होऊ नये म्हणून वाट बघायची, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं काही झालंच नाही. काका गाडी धुवायचे, पाइप तपासायचे आणि उरलेल्या वेळात डोळे मिटून ‘विचार’ करायचे.

“तुमच्या बंबापेक्षा माझा कुकर जास्त वेळा शिट्टी मारतो,” काकू म्हणायच्या.

एके सकाळी एक छोटं विमान उतरताना वाकडं झालं, धावपट्टी सोडून शेजारच्या ओल्या मातीत घुसलं. पुढचं चाक रुतलं आणि विमानाने कोलांटी खाल्ली. आत दोघं होते : पुढे शिकणारी मुलगी, मागे तिचे गुरुजी.

काका पोचले तेव्हा चाकं आभाळाकडे होती आणि पंखातून इंधन ठिबकत होतं. आग भडकू नये म्हणून बंबावरच्या जोडीदाराने फेसाचा पाइप धरला, म्हणजे आत शिरायला उरले काका. कुऱ्हाडीने काच फोडून, हातांनी चिखल उपसून ते पोटावर सरपटत आत गेले. एवढी चपळाई काकूंनीसुद्धा लग्नापासून पाहिली नव्हती.

मुलगी पट्ट्यांना उलटी लटकली होती. “काका, पट्टा सुटत नाहीये!”

“सोडवू नकोस! डोक्यावर आपटशील.” त्यांनी खांदा तिच्याखाली लावला आणि चाकूने पट्टा कापायला घेतला.

“माझं वजन पेलेल ना तुम्हाला?”

“पोरी, वजनाचं माझ्यासमोर बोलू नये.”

ती खांद्यावर आली, बाहेर गेली. मागून करडा आवाज आला, “घाई करू नका. नीट कापा.” गुरुजी उलटे लटकूनही शिकवत होते, आणि कपाळातून रक्त गळत होतं.

“साहेब, आज तुम्ही गप्प बसा,” काका म्हणाले. साहेब आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले म्हणे.

साहेबही निघाले. मग काका निघायला लागले आणि अडकले. आत जाताना भीतीने आक्रसलेलं पोट आता फुगलं होतं की काय, कोण जाणे. जोडीदाराला पाइप सोडता येईना. रुग्णवाहिकेतून आलेले डॉक्टर “तुम्ही दोघं आडवे व्हा!” म्हणून ओरडत राहिले आणि इकडे ती मुलगी आणि साहेब, एकेक पाय धरून, काकांना खेचत होते. काका सुटले ते थेट चिखलात. आग लागली नाही. साहेबांच्या कपाळाला टाके पडले, मुलीचा हात मोडलेला निघाला, आणि काकांची पँट फाटली.

पेपरात बातमीसोबत छापलेल्या फोटोत काका पाठमोरे, कमरेपर्यंत विमानाच्या आत होते. काकूंनी तो शेजारपाजारी दाखवला. “हेच आमचे,” त्या सांगायच्या. “मी कुठूनही ओळखते.”

त्या दिवशी घरी आल्यावर काकांचे हात इतके थरथरत होते की काकूंना कप धरून त्यांना चहा पाजावा लागला, हे मात्र काकूंनी कोणाला सांगितलं नाही. खूप उशिरा, मला तेवढं सांगितलं.

हात बरा झाल्यावर मुलगी पुन्हा उडाली. ती उतरेपर्यंत काका इंजिन चालू ठेवून गाडीबाहेर उभे होते, ओठ पांढरे पडलेले. विमान टेकलं, सरळ धावलं, थांबलं. ती हसत धावत आली. “काका, कसं उतरवलं?”

काका आभाळाकडे बघत म्हणाले, “जरा आपटलंस.”