वाया जाणारी हवा

पंक्चर काढणाऱ्याला नावाने कोण ओळखतं? त्यांना सगळे हवाकाका म्हणत. तीस वर्षं हातपंपाने ट्यूबा फुगवल्यामुळे हवेच्या बाबतीत ते पक्के चिक्कू झाले होते. कुणी उगाच व्हॉल्व्ह दाबून फुस्स केलं की ओरडायचे, "भरायला दम लागतो, दम!" साऱ्या जगाला फुकट मिळणाऱ्या वस्तूची काटकसर करणारा माणूस विरळाच.

पाच वर्षांपूर्वी कॉम्प्रेसर आला, पण दुपारी वीज गेली की पुन्हा हातपंप. शेवटी एक दिवस खांद्याने संप पुकारला. तेव्हा मुलीने मनावर घेतलं. ती सोलरचं काम शिकून नुकतीच बाहेर पडली होती. दुकानाच्या पत्र्यावर पॅनल, खाली बॅटरी आणि इन्व्हर्टर, त्यावर कॉम्प्रेसर. स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं तिचं हे पहिलंच काम. शेजारचा गॅरेजवाला म्हणालाच होता, "बाबांचं चाललं की माझंही कर."

पण चालेल तर शपथ. सकाळी रिकामी टाकी झकास भरायची. दोन-तीन गाड्यांत दाब उतरला की मोटर पुन्हा सुरू व्हायला जायची, कण्हायची आणि इन्व्हर्टर पीं करून सगळंच बंद. मुलीने जाड तारा टाकल्या, जोडण्या तपासल्या, मोटर सुरू होताना किती करंट ओढते ते पुन्हा मोजलं. चौथ्या दिवशी दुपारी तिने वही मिटली.

"बाबा, माझंच गणित चुकलं. गॅरेजवाल्यांना नाही म्हणून सांगते. ती ऑफिसात फायली लावायची नोकरी चालून आलीय ना, तीच धरते."

ती रडली असती तर परवडलं असतं. ती शांतपणे एकेक पाना पुसून पेटीत ठेवत होती. काकांचा जीव तीळतीळ तुटला.

काहीतरी करायचं म्हणून त्यांनी बटण दाबलं. मोटर कण्हली. ते कण्हणं ओळखीचं होतं. भरत आलेल्या ट्यूबवर हातपंप रेटताना ते स्वतः असेच कण्हायचे. मोटरच्या छातीवर बसलंय तरी कोण? पाइपवरून हात फिरवत ते प्रेशर स्विचपर्यंत आले आणि त्यांचे कान गरम झाले.

स्विचखाली एक बारीक नळी होती. मोटर थांबली की पाइपात अडकलेली हवा तिथून फुस्स करून सुटते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला मोकळेपणी सुरू होता येतं. काकांना तेव्हा एवढंच दिसलं होतं, की हवा वाया जाते. कॉम्प्रेसर आला त्याच आठवड्यात त्यांनी रबराचा तुकडा सोल्युशन लावून तिच्यात ठोकला होता. लाइनच्या विजेवर मोटर रेटून चालली, इन्व्हर्टरला तेवढा जोर नव्हता. ती फुस्स मुलीने कधी ऐकलीच नव्हती, मग संशय तरी कसा येणार?

तुकडा गुपचूप काढला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. ते मनात आलंही, खोटं कशाला बोला. पण मग पोरीला वाटलं असतं, नशिबाने चाललं. नशिबाच्या भरवशावर ती दुसरं काम घेणार होती थोडीच!

"अगं ए, इकडे ये. ही नळी मी बुजवलीय."

"का?"

"हवा वाया जात होती."

तिने वाकून नळीत पाहिलं. मग मांडलेल्या टायरवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. हसता हसता ते पाणी कधी बदललं, तिचं तिलाही कळलं नसावं. चिमट्याने तुकडा उपसला. टाकी भरली, मोटर थांबली, फुस्स. काकांनी डोळे मिटून घेतले. जित्याची खोड ती. दाब उतरवला, मोटर न कण्हता सुरू झाली. सात वेळा करून पाहिलं, सातही वेळा झाली.

मुलीने गॅरेजवाल्याला फोन लावला. "उद्या येते काका. हो, चाललं. नाही, तसं काही मोठं नव्हतं, जराशी अडचण..."

हवाकाकांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"अडचण मी होतो," ते म्हणाले. "तिचं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं."