माझ्या नावाचे दोन राजे

सहावीच्या इतिहासात माझ्याच नावाचे दोन राजे निघाले. एकानं तळं बांधलं. दोनशे वर्षांनी झालेल्या दुसऱ्यानं न लढताच किल्ला देऊन टाकला. दिग्रसच्या शाळेतल्या पोट्ट्यांनी मला लगेच दुसरा ठरवलं.

घरी येऊन आईला विचारलं, "माह्यं नाव कोणत्या राजावरून ठेवलं?"

"तळंवाल्यावरून," ती इतक्या झटकन म्हणाली की मला संशयच आला. ती मला कधीच नावानं हाक मारायची नाही, नुसतं बापू म्हणायची. नाव चांगलं होतं तर लपवायचं कायले?

ते नाव माझ्या आजोबांचं, आणि सून सासऱ्याचं नाव घेत नाही, हे पुढे कळलं; पटलं मात्र नाही. आजोबा तर मी जन्मायच्या आधीच गेले होते. ऐकणार कोण होतं?

परवा चिडून म्हटलं, "खरं सांग, लाज वाटते ना तुले त्या नावाची? नसंल तर घे एकदा."

तिनं भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे पाहिलं, डोक्यावर पदर ओढला अन् हळूच म्हणाली, "बापू, चहा थंडा होऊन राह्यला."