पासावर देश लिहीत नाहीत

माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते. स्टेशनात येणारी गाडी कोणत्या रुळावर घ्यायची, तसा सांधा फिरवायचा, हे त्यांचं काम. नांदुरा तालुक्यातलं आमचं स्टेशन लहानसं, त्यामुळे काम कमी आणि वाट पाहणं जास्त. वर्षातून एकदा त्यांना घरच्यांसाठी फुकट प्रवासाचा पास मिळायचा. तो दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर जाण्यात संपायचा. पंचाहत्तर साली मी खामगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, त्या उन्हाळ्याच्या आधी बाबा एकदम म्हणाले, "या खेपेले लुंबिनीले जाऊ. बुद्धाचा जन्म झाला ते ठिकाण पाहू."

लुंबिनी नेपाळात. म्हणजे परदेश. आमच्या घरात तोवर कोणी भुसावळच्या पलीकडे गेलं नव्हतं, नागपूर सोडलं तर.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ही गोष्ट स्टेशनात पासाचे कागद पाहणाऱ्या बाबूंना सांगितली. बाबू खामगावचेच, स्वभावाने वाईट नव्हते, पण कोणी बेत सांगितला की तो लहान करून परत देण्याची त्यांना सवय होती.

"नेपाळ काय परदेश हाय का?" ते हसले. "तथी पासपोर्ट लागत नाही, काही नाही. परदेश म्हनाचा तं एखांदा खरा देश जोडा त्याले."

बाबा घरी आले आणि त्यांनी हे शब्द जसेच्या तसे माझ्यापुढे ठेवले. "कोनता जोडता येईन, पाह्य बरं. तू शिकेल हायस."

मला वाटतं, बाबूंना हे इतकं मनावर घेतलं जाईल याची कल्पनाही नसेल.

घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. त्यामुळे मला जे येत नव्हतं तेही येतं असं घरचे धरून चालायचे. मला भीती वाटायची की एक दिवस हे उघडं पडेल. तरी मी शाळेतला नकाशा काढला आणि तो आम्ही जमिनीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. बाबांचं बोट सरळ सिलोनवर गेलं. सिलोन बौद्धांचा देश, हे त्यांना माहीत होतं. पण सिलोनला पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्टाच्या अर्जावर कोणा मोठ्या अधिकाऱ्याने लिहून द्यावं लागतं की हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, हे मी कॉलेजात ऐकलं होतं.

"आपल्या वयखीचा साहेब कोन हाय?" बाबांनी विचारलं. आम्ही तिघांनी नावं आठवून पाहिली. कोणी नव्हता.

मग ब्रह्मदेश. तिथे जायला गाडीच नव्हती.

माय इतका वेळ बाजूला तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मले असा देश पायजे जथी आपल्याले दुसरा प्रश्न कोनी इचारत नाही."

ही दुसऱ्या प्रश्नाची गोष्ट सांगायला हवी. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारी सारखं कोणीतरी बदलून यायचं. नवीन बाई आली की नळावर मायला विचारायची, "तुमी कोन?" माय सांगायची, "बौद्ध." की लगेच पुढचा प्रश्न, "हाव, पन पयले कोन?" पहिल्या उत्तराने कोणाचं समाधान व्हायचंच नाही. दुसऱ्या उत्तरानंतर कोणी घागर थोडी सरकवून घ्यायची, कोणी घ्यायची नाही, पण विचारायच्या सगळ्या. मला कॉलेजातही विचारत. मी तर नागपूरच्या दीक्षेच्या नंतरच्या वर्षी जन्मले, मला "पयले" असं काही नव्हतंच. तरी मी गप्प राहायचे आणि कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या.

मी नकाशावर नेपाळच्या उजव्या बाजूला एक नखाएवढा तुकडा पाहिला. वेगळ्या रंगात रंगवलेला. सिक्कीम. तिथला राजा बौद्ध आहे, हे मी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचलं होतं. पासपोर्ट लागत नाही, परवाना लागतो, आणि सिलिगुडीपर्यंत रेल्वे जाते.

"राजाच बौद्ध?" मायने तांदळाचं सूप खाली ठेवलं.

"हो."

"मंग तथले लोक?"

"तेपण असतील," मी म्हणाले. हे मी वाचलं नव्हतं. राजा आहे तर प्रजाही असेल, असा माझा अंदाज होता. पण मी तो अंदाजासारखा सांगितला नाही.

असा दुसरा देश ठरला. अर्ज मी लिहिला. भुसावळ, इटारसी, अलाहाबाद, गोरखपूर, नौतनवा, तिथून सिलिगुडी आणि परत. नावं तीन, नवरा-बायको आणि अविवाहित मुलगी. माझ्या दोन्ही मोठ्या बहिणींची लग्नं झाली होती, त्यांना पासात जागा नव्हती. बाबूंनी अर्ज वाचला आणि मान हलवली. "आता हा झाला परदेश," ते म्हणाले. मला उगीच अभिमान वाटला.

गोष्ट पसरली. वडनेरचा माझा मामा मुद्दाम सायकलवर आला आणि बाबांना म्हणाला, "दाजी, लोकं उन्हाळ्यात पोरी उजवतात, अन् तुमी पोरीले सिक्कीम दाखवून राह्यले." बाबा म्हणाले, "पोरीनंच आमाले दाखवलं." मामाने पाट ओढून घेतला. तो जेवून गेला.

पास आला. बाबांची रजा मंजूर झाली. माझी परीक्षा संपली. आणि निघायला आठवडा उरला असताना कॉलेजच्या वाचनालयात मी वर्तमानपत्र उघडलं, तर पहिल्याच पानावर होतं की सिक्कीम भारताचं राज्य झालं. राजाची गादी गेली.

मी ती बातमी तीन वेळा वाचली. आजूबाजूची मुलं बोलत होती, कोणी आनंदाने, कोणी सहज. मला लाज वाटत होती, कारण आपला देश मोठा झाल्याचं दुःख कोणाला होतं? मला झालं होतं. मी निवडलेला देश आम्ही पोचण्याआधीच संपला होता.

त्या संध्याकाळी मी घरी काही बोलले नाही. सकाळी बाबा ड्यूटीवरून आल्यावर सांगितलं. सांगताना मी त्यांच्या पायांकडे पाहत होते.

बाबांनी चहा फुंकला आणि म्हणाले, "आता दुसरा कोनता घेवाचा?"

"त्या बाजूला दुसरा नाही, बाबा."

"भूतान?"

"तिथं जाऊ देत नाहीत सहज."

माय चुलीजवळून म्हणाली, "काऊन, दुसरा काऊन पायजे? देश गेला तं मानसं कोठी गेली? रातीतून उठून गेली का तथली मानसं?"

"मानसं हायेत," बाबा म्हणाले. "पन राजा नाही आता."

"मी राजा पाह्याले चालली होती का?"

यावर दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी शिकलेली होते ना. "माणसं तिथंच आहेत," मी म्हणाले. इतकं तरी मला नक्की माहीत होतं.

पण दुपारी बाबूंनी बाबांना बोलावलं. मी सोबत गेले, कारण बोलावणं कशाचं असेल ते कळत होतं. खोलीत रेडिओ चालू होता. बाबू खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "या, या. गेला ना तुमचा राजा! आना तो पास इकडे, सिलिगुडी कापून आनतो वरच्या हापिसातून. नेपाळ पाहून या गुमान."

"हाव साहेब," बाबा म्हणाले आणि त्यांनी खिशातून पास काढला. मला राग आला तो इथे. बाबूंचा नव्हे, बाबांच्या त्या हाताचा. तीस वर्षं लाल कंदील म्हणजे थांबायचं, हिरवा म्हणजे सोडायचं, असं केलेला तो हात. त्याला विचार करायची सवयच नव्हती, कोणी मागितलं की पुढे होणार. आणि मीही आजवर तशीच वागत आले होते.

"बाबा, देऊ नका," मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं कोणाला ऐकूच गेला नसेल. बाबूंना गेला.

"काय म्हनता, प्राध्यापकीनबाई?"

"पासावर देश लिहीत नाहीत. स्टेशन लिहितात. सिलिगुडी स्टेशन काल होतं, आजही आहे. गाडी जाते तिथं. पास कापायचं कारण काय लिहिणार तुम्ही?"

"अवो, पन आता तथी पाह्याचं काय हाय?"

"ते आमचं आम्ही पाहू."

 मी टेबलाची कड धरली. बाबू बाबांकडे वळले. "काय शिकोता बे पोरीले?"

बाबांनी पासाची घडी पुन्हा घातली, खिशात ठेवली आणि वर बटण लावलं. "साहेब, पोरगी बराबर सांगते," ते म्हणाले. "रजा बी मंजूर हाय."

परतताना आम्ही रुळांच्या बाजूने चाललो. बाबा माझ्या पुढे चालले होते, नेहमीपेक्षा जोरात.

लुंबिनीत उन्हाने डोकं फुटायची वेळ होती. एक दगडी खांब, एक तळं, एक झाड, एक लहान देऊळ. बाबा खांबासमोर इतका वेळ उभे राहिले की मायने त्यांच्या डोक्यावर पदर धरला. त्याबद्दल मी इतकंच लिहू शकते. जास्त लिहिलं तर खोटं होईल.

सिलिगुडीत परवान्याच्या कचेरीत दीड दिवस बसलो. परवाना अजून लागतो की नाही, हे तिथल्या कारकुनांनाही नक्की सांगता येत नव्हतं. शेवटी एकाने कंटाळून शिक्का मारला. बस नदीकाठाने वर चढत गेली. एका पुलाशी शिपायाने कागद पाहिला, बाबांचं रेल्वेचं ओळखपत्र पाहिलं आणि हात हलवला. माय खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आता आलो का?"

"आलो."

गंगटोकचा बाजार चढावर होता. मी उतरले आणि माणसांकडे पाहू लागले, आणि मला कळलं की मी पुन्हा चुकले आहे. निम्म्याहून जास्त कपाळांवर टिळे होते. देवळाची घंटा ऐकू येत होती. मायलाही ते दिसलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

थंडी होती. आम्ही एका चहाच्या टपरीत शिरलो. चहा करणारी बाई मायच्याच वयाची, रुंद चेहऱ्याची, लांब पायघोळ वस्त्र आणि त्यावर रंगीत पट्ट्यांचा एप्रन घातलेली. भिंतीवर बुद्धाचं चित्र, समोर दिवा. माय त्या चित्रापुढे गेली आणि तिने हात जोडले. बाईने मोडक्या हिंदीत विचारलं, "आप लोग कौन?"

"बौद्ध," माय म्हणाली. आणि थांबली. मी तिच्या शेजारी होते, तिने श्वास रोखलेला मला कळत होता.

"हम भी," बाई म्हणाली. "चीनी कितना?"

बस, एवढंच. ती साखर ढवळू लागली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात माय त्या बाईला म्हणाली, "पहले से?"

तिच्या तोंडून ते कसं निघालं, मला सांगता येत नाही. बाईला प्रश्न कळला नाही. "पहले से क्या?" तिने विचारलं. मायचा चेहरा उतरला. ती बाकावर बसली आणि पेला दोन्ही हातांत धरून राहिली. चहा बराच वेळ तसाच होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "पाह्यलं का? मीच इचारला. कोनी नाही इचारला तं मीच इचारला." मग चढाव चालता चालता, दम लागलेला असताना, ती रागाने म्हणाली, "हा प्रश्न माह्याच अंगात घुसला हाय. आता काढतो मी याले."

आम्ही तिथे तीन दिवस राहिलो. डोंगरावरचा मठ पाहिला, लाल वस्त्रांतल्या लहान भिक्खूंना पाहिलं. माय रोज त्याच टपरीत चहाला जायची आणि त्या बाईशी मुलांबद्दल, सांधेदुखीबद्दल, भाज्यांबद्दल बोलायची. वऱ्हाडी आणि हिंदी यांची तिने काय खिचडी केली होती कोण जाणे, पण दोघी हसायच्या.

परतीच्या गाडीत गोरखपूरनंतर समोर एक कुटुंब बसलं. गृहस्थ मोठ्या प्रेमाने चौकशी करू लागले. कुठून आलात, मुलगी काय शिकते, वगैरे. मग म्हणाले, "आप लोग कौन हुए?"

"बौद्ध," माय म्हणाली.

"अच्छा, अच्छा. वो तो ठीक है. लेकिन पहले?"

मी सवयीने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाबांनी घसा खाकरला. माय मात्र पुढे सरकून बसली आणि मोठ्याने, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशी म्हणाली, "पहले तुम बताव. तुमको ये काऊन पायजे?"

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. त्यांच्या बायकोने पदर तोंडाशी नेला, हसू लपवायला की दुसऱ्या कशाला, मला दिसलं नाही. माय त्यांच्याकडे तशीच पाहत राहिली, उत्तराची वाट पाहत. पुढच्या स्टेशनापर्यंत ते उत्तर आलं नाही. मी खिडकीकडून तोंड वळवलं आणि मीही त्यांच्याकडे पाहू लागले.