तीन गाठींची पिशवी

कचऱ्याच्या गाडीपुढं शंभर पावलांवर एक बाई चालते. घराघरासमोरच्या, परत वापरात जाणाऱ्या मालाच्या निळ्या डब्याचं झाकण उघडायचं, वाकून बघायचं, माल बरोबर असला की पुढं. चुकला असला की लाल चिठ्ठी डकवायची. तीन चिठ्ठ्या झाल्या की डबा सहा महिने जप्त. सगळे तिला झाकणबाई म्हणतात. खरं नाव आता पगाराच्या कागदावर तेवढं उरलंय.

नऊ वर्षं झाली, पण बाईची उत्सुकता काही ओसरली नाही. विसळलेली बाटली, कोरडा कागद, पुठ्ठा, पत्र्याचे डबे चालतात. तेल प्यालेला पुठ्ठा नाही, फुटका आरसा नाही, आणि बॅटरीचा सेल तर अजिबात नाही. गाडीत दाबला गेला की पेटतो. पण ऐकतंय कोण! एकानं कवळी टाकली होती. "प्लास्टिकच आहे की," म्हणाला वर. एकीनं नवऱ्याचे बूट टाकले, त्याला न विचारता. तो गाडीमागं अनवाणी पळत आला.

हे सगळं संध्याकाळी थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात उलगडायचं. दोन्ही घरांत एकच भिंत. हातपाय धुतले की ही चहाला तिकडं. थोरले भावजी विचारणार, "काय मग, आज कुणाच्या डब्यात काय?" की सुरू. शिंपीणबाईकडं औषधांची खोकी वाढलीत. कोपऱ्यावरच्या मास्तरांनी परत बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्यात. भावजींना हसून हसून ठसका लागायचा. थोरली मात्र पाठमोरी कपबशा विसळत असायची.

आणि नेमक्या तिच्याच डब्यावर दोन लाल चिठ्ठ्या झाल्या होत्या. लावल्या होत्या झाकणबाईनंच.

थोरलीचा माल सुटा नसायचा. काळी प्लास्टिकची पिशवी, तोंडाला तीन गाठी. आणि बांधलेली पिशवी उघडायची नाही हा कामातला नियम. एकदा आतली सुई एकाच्या तळव्यात घुसली होती, तेव्हापासूनचा. तशीच जाऊ दिली तर निवडीच्या कारखान्यात ती फिरत्या चाकांना गुंडाळते, पट्टा थांबतो आणि माणसाला सुरी घेऊन आत उतरावं लागतं. म्हणून पिशवीत काही का असेना, ती सरळ उकिरड्यावर.

"ताई, सुटं टाका की," तिनं दोनदा सांगितलं.

"बरं," थोरली दोनदा म्हणाली. पुढच्या मंगळवारी परत तीन गाठी.

आता तिसरी चिठ्ठी लावायची तर गल्लीदेखत जावेचा डबा उचलून न्यायचा. न लावावी तर गल्ली विचारणार, जावेला एक न्याय आणि आम्हाला एक का? पण डोक्यात वळवळणारा किडा निराळाच होता. ही बाई झाडूसुद्धा धुऊन वाळवते. आडमुठी म्हणावी तर तशीही नाही. मग त्या पिशवीत आहे तरी काय?

सोमवारी भावजी बाहेर पडलेले बघून ती गेली.

"ताई, उद्या तिसरी आहे. पिशवीत असतं काय?"

"कचरा."

"मग बांधता कशाला?"

थोरलीनं फडकं पिळलं. "तू उघडतेस म्हणून."

"मी सगळ्यांचेच उघडते."

"उघड की! पण उघडून इथं येऊन सांगतेस ना? शिंपीणबाईचं दुखणं तिच्या लेकीआधी मला कळलं. माझ्या डब्यातलं तू कुणाच्या चहाबरोबर वाटशील, मला काय ठाऊक?"

"हसू येतं म्हणून सांगत होते," ती म्हणाली.

"यायचंच. डबा दुसऱ्याचा ना."

"आजपासून नाही सांगायची," झाकणबाई म्हणाली आणि चहा न घेताच उठली.

मंगळवारी तिनं जावेचं झाकण उचललं. पिशवी नव्हती. सगळं सुटं. धुतलेल्या बरण्या, चेपलेले डबे, आणि बाजूला केस काळे करायच्या रंगाची चार खोकी.

ती बघतच राहिली. भावजी आल्यागेल्याला ऐकवायचे, "आमच्या हिचा पन्नाशीतसुद्धा एक केस पिकला नाही. धाकटीचंच डोकं कसं पांढरं झालं कुणास ठाऊक." नऊ वर्षं झाकणबाई ते ऐकत आली होती.

खोकी पुठ्ठ्याची, कोरडी, चालणारी. वर पडलेले रंग लावायचे पातळ हातमोजे तेवढे चालणारे नव्हते. वरवरची एखादी चूक हातानं काढायची तिला मुभा होती. तिनं ते काढून खिशात घातले.

"लागली का तिसरी?" गाडीवाल्यानं मागून ओरडून विचारलं.

"कशाला? सगळं सुटं आहे."

संध्याकाळी भावजींनी मांडी घातली. "काय मग, आज कुणाच्या डब्यात काय?"

थोरलीच्या हातातली बशी थांबली.

"पुठ्ठा," झाकणबाई म्हणाली. "काच. पत्रा."

"एवढंच? मजा गेली बघ तुझ्या कामातली. विचार करकरून केस पिकवलेस नुसते. जरा आमच्या हिच्याकडं बघ..."

"तिच्या केसांवरून बोलायचं नाही," थोरली पाठमोरीच म्हणाली. "चहा प्या गप."