वसंताचा मधला तुकडा

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी लांज्याच्या स्टँडवर होतो. भाचीच्या साखरपुड्याहून परतत होतो, हातात काजूगरांची पिशवी. "काका, बाबा गेले. सकाळी चहा मागितला, आणि..." समोर रत्नागिरीची गाडी उभी होती, पण ती सुटली तरी मी चढलो नव्हतो. वसंता म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र आणि बंदराजवळच्या आमच्या वर्कशॉपमधला भागीदार. मुक्ता त्याची एकुलती एक मुलगी. या गोष्टीला आता काही आठवडे झालेत, तरी सकाळी शटर वर करताना मी अजून त्याची वाट बघतो.

मच्छीमार बोटींवरचे रेडिओ आम्ही दुरुस्त करतो. सेट नुसता बोलतो एवढ्याने भागत नाही, समुद्रात त्याचा आवाज नीट पोचेल का, हे टेस्टरला जोडून बघावं लागतं. आमचा टेस्टर जुना, मुंबईहून सेकंडहँड आणलेला. वसंता त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचा. प्रत्येक सेटचं कनेक्टर निराळं, त्यामुळे दिवसभर वायरींची काढघाल. आणि मशीनला वायर लावायचं तोंड एकच, तेही कंपनीने बनवायचं केव्हाच बंद केलेलं. ते झिजलं की मशीन भंगारात आणि आमच्या वर्कशॉपला कुलूप, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

त्यात आमची खारी हवा. सुरुवातीला वसंताने त्यावर अस्सल कोकणी तोडगा काढला. विळी गंजू नये म्हणून घरी खोबरेलाचा हात फिरवतात, तसा त्याने मशीनच्या तोंडालाही फिरवला. चार दिवस सगळं झकास. मग त्या तेलात धूळ बसली, धातूचा चुरा बसला आणि धडधाकट सेटही मशीनवर आजारी दिसू लागले. एक सेट तर आम्ही पुन्हा पुन्हा उघडून बघत बसलो. दोष कुठे आहे ते कळलं तेव्हा वसंताने कपाळावर हात मारला. "मेल्या, मी मशीनला फोडणी दिली रे!" मी पोट धरून हसलो. तो मात्र जेवण सोडून दुपारभर स्पिरिटने मशीनचं तोंड पुसत बसला होता. तोंड वाचलं, पण त्या दिवशी तो मनातून घाबरला.

त्यानंतर मधला तुकडा आला. बोटाच्या पेराएवढा पितळी जोड, एक टोक कायम मशीनच्या तोंडात, दुसऱ्या टोकाला येणारी-जाणारी वायर. "झिजायचं ते ह्यानं झिजावं," वसंता म्हणायचा. तुकडा सैल झाला की तो टाकायचा आणि नवा लावायचा. शिवाय त्याचं सोवळं होतंच. येणारी प्रत्येक वायर आधी भिंगाखाली जायची, पिन वाकडी दिसली तर तिला मशीनजवळ प्रवेश नाही. जोडताना वायर एका हाताने स्थिर धरायची आणि फक्त नट फिरवायचा. सगळी वायर फिरवली की आतली पिन घासते. त्याला चिडवायला मी मुद्दाम सगळी वायर फिरवतोय असं दाखवायचो, की हा उठलाच स्टुलावरून. "पंचा पिळतोस काय रे?"

एवढं सगळं तो करत होता ते मुक्तासाठी. ती इलेक्ट्रॉनिक्सच शिकली आणि पुण्याला नोकरीला लागली. एकदा पावसला, त्यांच्या गावच्या घराच्या ओटीवर, आंबा कापता कापता ती म्हणाली होती, "बाबा, थोडी वर्षं बाहेर काम करते, मग वर्कशॉप मीच बघीन." मुलं असं बोलतात... मी ते मनावर घेतलं नाही. वसंताने घेतलं. "ती येईल तेव्हा तोंड शाबूत हवं," असं तो येता-जाता म्हणायचा. मी एकदा विचारलंच, "पुण्याला गेलेलं कोण परत येतं काय रे?" तो भिंगाखालची वायर बघत राहिला. खरं सांगतो, मला त्याची दया यायची.

तेराव्यानंतर मुक्ता वर्कशॉपमध्ये आली. संध्याकाळच्या गाडीचं तिचं पुण्याचं तिकीट होतं. "काका, आधी मशीन बघते. मग काय ते ठरवूया." तिने मधला तुकडा अलगद काढला आणि मशीनच्या तोंडावर भिंग धरून ते सगळीकडून बघितलं. इतकी वर्षं जपलेलं ते तोंड आतून खराब निघालं असतं तर वसंता माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेला असता. "काका," ती मान वर करून म्हणाली, "कोरं आहे हो. आणखी कितीतरी वर्षं ह्याला काही होत नाही." त्या दिवसांत मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेवढ्यात एका मच्छीमार बोटीचा तांडेल पिशवीत सेट घेऊन दारात आला. "वसंतशेट नाहीत?" बाबा गेल्याचं मुक्ताने त्याला सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मग माझ्याकडे बघून अवघडत म्हणाला, "बोट उद्या सोडायची हाय... आता सेट कोण बघणार?"

"मी," मुक्ता म्हणाली.

नोकरीचा राजीनामा तिने पुढच्या आठवड्यात दिला, पण ती इथेच राहणार हे मला तेव्हाच कळलं. वसंता ताडमाड, त्याचं स्टूल तिला उंच होत होतं. तिने ते गरागरा फिरवून आपल्या उंचीला आणलं, त्यावर बसली आणि सेटसाठी हात पुढे केला.