पल्याडच्या घोरपड्यांसाठी अनवाणी

कडेगावच्या बाजारपेठेत माझं चपलांचं दुकान आहे. बापानं टाकलेलं, मी सांभाळलेलं. दिवसभर लोकांचे पाय बघून बघून मला माणूस चेहऱ्याआधी पायावरून ओळखू येतो. आणि एक सांगतो, अनवाणी माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. धंदा बुडतो म्हणून नव्हे हो. आमच्याकडं बांधाला बाभळीचा काटा, रानात तोडलेल्या उसाची खोडकी, रस्त्यावर तापलेलं डांबर, आणि ही माणसं आपली चालतात तशीच. असा कुणी दिसला की मी हाक मारून थांबवतो आणि चार शब्द सुनावतो. धोंडुबाईला तर मी दोन वर्षं सुनावत होतो. पालथ्या घड्यावर पाणी.

धोंडुबाई म्हणजे धुळा मेंढक्याची बायको, मी तिला मावशी म्हणतो. धनगर माणसं, मूळची जतकडच्या माळावरची, आता आमच्या शिवारात थोडं रान घेऊन राहिलेली. थोडी मेंढरं अजून आहेत, कारण मेंढरांशिवाय धुळाला झोप लागत नाही. आठवडी बाजाराला आली की मावशी माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकायची आणि चहा मागायची. मागायची म्हणजे हुकूमच सोडायची. आत या म्हटलं की एकच उत्तर, पाय मातीचं हायत. आणि ते मातीचे पाय माझ्या काचेच्या कपाटापुढं, नव्याकोऱ्या चपलांच्या रांगेसमोर पसरून ती चहा प्यायची. सांगा, माझं काय होत असेल?

हे सगळं झालं एका टीव्हीच्या मालिकेपायी. ‘पल्याडचे घोरपडे’ तिचं नाव. तुम्ही पाहिली नसणार. कुणीच पाहिली नाही, म्हणून तर चार महिन्यांत तिनं गाशा गुंडाळला. सांगलीतलं साधं घर, नवरा-बायको आणि दोन पोरं. घोरपडेमास्तर शाळेत विज्ञान शिकवणारे. त्यांनी माळ्यावरच्या जुन्या कपाटात कसल्याशा तारा जोडल्या आणि चौघंच्या चौघं भलत्याच मितीत जाऊन पडले. मिती म्हणजे काय ते मला अजून धड कळलेलं नाही. आपल्या जगाला चिकटूनच दुसरं जग असतं, फक्त मधली भिंत दिसत नाही, असं समीक्षा सांगते. समीक्षा ही धोंडुबाईची नात, विट्याला कॉलेजात जाते. तर त्या जगात पाणी डोंगर चढायचं, झाडं जागा बदलायची, आणि सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी निघाला तिथंच येऊन पोचायचा. शूटिंग सगळं वाईला आणि साताऱ्याकडच्या पठारांवर. त्या दुसऱ्या मितीत घोरपड्यांच्या पाठीमागं मला एकदा आपली पवनचक्की फिरताना दिसली होती.

गाव हसलं. धोंडुबाई हसली नाही. तिला ती मालिका पहिल्या दिवशीच कळली. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिनं मेंढरांमागं काढलेली. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कोकणाची वाट धरायची, परक्याच्या रानात मेंढरं बसवायची आणि पावसाच्या आत माघारी यायचं. एका वर्षी धुक्यात धुळा घाटात चुकला. तेव्हा तिनं आरेवाडीच्या बिरोबाला नवस बोलला, नवरा सुखरूप घरी येईस्तोवर पायात घालणार नाही. आणि धुळा आला. झोकात आला, वर हरवलेली मेंढीही घेऊन आला. तेव्हापासून त्या नवसावर मावशीचा पक्का भरवसा.

मग एके दिवशी टीव्हीवर घोरपड्यांची बायको त्या जगातल्या एका दगडावर बसून रडली. घरी चुलीवर दूध ठेवून आले होते, म्हणाली, आता कुणी वाट तरी बघत असेल का आमची? बस्स. मावशी उठली, पायातल्या चपला काढून टीव्हीसमोर ठेवल्या आणि बिरोबाला तेच बोलून बसली. ही चौघं घरी येईस्तोवर अनवाणी. धुळा म्हणतो, मी तिथंच होतो, पर जाहिरात लागली म्हणून मेंढरं बघाय गेलो, तेवढ्यात बाईनं घात केला.

दोन आठवड्यांनी मालिका बंद. घोरपडे पलीकडं आणि मावशी अनवाणी.

सुरुवातीला आम्ही थट्टा केली. मीच जास्त केली. पण यंदा होळीच्या सुमाराला समीक्षा रडत दुकानात आली. मावशीच्या टाचेला जखम झाली होती आणि भरत नव्हती. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, साखर आहे, पाय बधिर झालाय, काटा मोडला तरी कळत नाही. पायात घातलं नाही तर आज बोट जाईल, उद्या पाऊल. मी तसाच दुकान बायकोवर टाकून त्यांच्या वस्तीवर गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. ती नटमंडळी आहेत मावशी, खोटी माणसं, ती कधीच आपापल्या घरी जाऊन जेवून झोपली, आणि तुम्ही त्यांच्यासाठी पाय घालवणार?

मावशी शांतपणे शेंगा फोडत होती.

‘‘ती नाटकातली हायत ते मला कळत न्हाई व्हय रं? ती खोटी असतील. पर मी देवाला बोलले ते खरं बोलले न्हवं?’’

आम्हा मुसलमानांतही मन्नत असते. बोललेलं सोडायचं नसतं, एवढं मला माझ्या आईनं शिकवलंय.

मग मी आणि समीक्षानं एक उद्योग केला. हल्ली मोबाईलवर काय वाट्टेल ते बनतं. पोरीनं दोन दिवस खटपट करून घोरपड्यांचा शेवटचा भाग तयार केला. चौघं कपाटातून बाहेर येतात, एकमेकांच्या गळ्यात पडतात, मागं सनई. सनई मीच सुचवली होती. आम्ही दोघं वस्तीवर गेलो, मावशीला समोर बसवलं आणि सांगितलं, बघा, नवीन भाग आला. तिनं मोबाईलकडं पाहिलंच नाही. माझ्या काखेकडं पाहिलं. काखेत चपलांचं खोकं.

‘‘भाग आज आला म्हंतोस,’’ ती म्हणाली, ‘‘मग चपला अगुदरच कशा आल्या रं?’’

धुळा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी खोकं घेऊन परत आलो, आणि तीन दिवस कुणाशी बोललो नाही.

चौथ्या दिवशी समीक्षानं बातमी आणली. घोरपड्यांच्या बायकोचं काम करणारी बाई सांगलीचीच होती. सोनिया तिचं नाव, आणि माधवनगरला ती मुलांना नाटक शिकवते. माल आणायला मला सांगलीला जायचंच होतं. गेलो. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागं एका हॉलमध्ये ती वीसेक पोरांना झाड व्हायला शिकवत होती. मी दारातच सुरू झालो. तुमच्यामुळं आमच्या मावशीचा पाय जायची वेळ आलीय, मालिका बंद करायची तर आधी माणसं घरी तरी आणायची, ही काय रीत झाली? पोरं झाडं होऊन बघत राहिली.

सोनियाबाई आधी हसल्या. मग मी टाचेचं सांगितलं तशा हसायच्या थांबल्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, मालिका संपल्याचं आम्हालासुद्धा फोनवर कळलं. शेवट कुणी लिहिलाच नाही. घोरपडेमास्तर झालेले नट आता साताऱ्याला रोपवाटिका चालवतात, दोन्ही पोरं मोठी होऊन पुण्याला शिकतात. आणि मग जरा वेळानं म्हणाल्या, एवढी वाट तर माझ्या सासरीसुद्धा कुणी पाहिली नसेल. मी सगळ्यांना घेऊन येते. पण कुठं यायचं तेवढं मावशींना विचारा, कारण ते वाईतलं शूटिंगचं घर नुसतं फळ्यांचं होतं, केव्हाच मोडलं.

या वेळी मी काखेत काही घेतलं नाही. वस्तीवर जाऊन मावशीला जसंच्या तसं सांगितलं. नवीन भाग नाही, मालिका नाही, घरसुद्धा नाही. फक्त ती चौघं यायला तयार आहेत.

मावशीनं चुलीत दोन काटक्या सारल्या. मला वाटलं, संपलं. घरच नाही तर घरी येणार कुठं आणि नवस फिटणार कसा? मी स्वतःलाच म्हटलं, दिलावर, आता पायाची आशा सोड.

‘‘आमी परक्याच्या रानात ऱ्हायचो,’’ ती म्हणाली. ‘‘चार काठ्या न् वर घोंगडं. धुळा हरवल्याला तिथंच आला, तवा मी म्हनले का, हे आपलं घर न्हवं म्हनून? चूल पेटवून जिथं कुनी वाट बघतंय तेच घर. त्यास्नी म्हनावं, हितं या.’’

रविवारी यायचं ठरलं. मावशीनं आदल्या दिवसापासून पुरण घातलं, अंगण सारवलं, धुळाला नवं पागोटं बांधायला लावलं. त्यानं कुरकुर केली, मी काय नवरदेव हाय का? पण बांधलं. अर्धी वस्ती जमली. मागं हसलेले सगळे त्यात होते, मी नावं घेत नाही.

जीप आली. चौघं उतरली. मालिकेत शाळेत जाणारा पोरगा आता दाढीवाला, पोरगी आईपेक्षा उंच. मास्तरांच्या हातात पेरूचं रोप. सोनियाबाईंनी घोरपड्यांच्या बायकोचं तेच निळं लुगडं नेसलेलं. वाटेत त्यांनी म्हणे दोन-चार संवाद पाठ केले होते, आल्याआल्या म्हणायला.

मावशीनं त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं. तांब्यानं चौघांच्या पायावर पाणी घातलं. भाकरीचा तुकडा चौघांवरून ओवाळला आणि लांब टाकला. मग सोनियाबाईंचा हात धरला.

‘‘लय लांब गेला हुता व्हय गं?’’

सोनियाबाई पाठ केलेलं सगळं विसरल्या. ‘‘हो,’’ एवढंच म्हणाल्या. ‘‘रस्ता सापडत नव्हता.’’

‘‘आता आलासा न्हवं. दूध उतू गेलं न्हाई. चला आत.’’

खोटं कशाला बोलू, मी रडलो. धुळानं पागोट्याचा शेमला डोळ्यांना लावला. कोण खरं आणि कोण नाटकातलं, त्या घटकेला मला सांगता आलं नसतं. धुळानं मूठभर भंडारा उधळला, बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं आणि नवस फिटला.

आता चपला. मी खोकं उघडलं, मऊ तळव्याची खास जोडी काढली, खाली बसलो आणि मावशीचा पाय हातात घेतला. शिरेना! दोन वर्षं मोकळा राहून पाय पसरलेला, आणि मी माप घेतलं होतं जुन्या चपलेवरून. एवढा चपलांचा धंदा, आणि पाय समोर असताना मापाला जुनी चप्पल घेतली. सगळी वस्ती माझ्याकडं बघतेय. शेवटी धुळानं आपल्या पायातल्या जाडजूड वहाणा काढून पुढं सरकवल्या. म्हणाला, घाल, तुझ्यापायी घाटातनं चालत आलो त्याच पायातल्या हायत. मावशी लाजली. साठी उलटलेली बाई लाजली, आणि नवऱ्याच्या वहाणा घालून करकर वाजवत घोरपड्यांना पुरणपोळी वाढायला निघाली.

मी दुसऱ्या दिवशी नीट माप घेऊन नवी जोडी करून दिली. टाच हळूहळू भरली. डॉक्टर आपल्या औषधाचा गुण म्हणतात, मावशी बिरोबाचा म्हणते, मी माझ्या मऊ तळव्याचा म्हणतो. तिघंही खूश आहोत. समीक्षाला मात्र मी बजावून ठेवलंय, नवीन मालिका सुरू झाली की आजीच्या शेजारी बसायचं आणि जाहिरातीतही उठायचं नाही.

त्यानंतरच्या बाजाराला मावशी आली. पायरीवर टेकली नाही. पायरीखाली नवी जोडी काढून नीट जुळवून ठेवली आणि पहिल्यांदाच दुकानात आत आली. मी म्हटलं, आवं मावशी, घालून या की, हे चपलांचंच दुकान हाय.

‘‘घरात शिरताना काढायच्या असत्यात,’’ ती म्हणाली, आणि माझ्या गादीवर बसून चहा मागितला.