मोलकरणीची सात वाक्यं

आमच्या मेहकर तालुक्यातल्या फिल्म क्लबात सभासद मोजून पाच. किस्से मात्र इतके झालेत, की कोणी सहज "काय चाललंय?" विचारलं तरी चहाचे दोन राउंड होतात. सगळे किस्से एकाच सिनेमाचे. जुना, काळा-पांढरा, इटालियन. जमीनदाराची मुलगी दक्षिणेकडून आलेल्या न्हाव्याच्या प्रेमात पडते, घरची मोलकरीण चिठ्ठ्या पोचवते, शेवटी सगळं गोड. दोन वर्षं हाच दाखवतोय. दुसरा आमच्याकडे नाही!

*

पहिल्या शोला खाली इंग्रजी ओळी होत्या. पंधरा मिनिटांनी सोयाबीनवाले गजूभाऊ उठले. "वाचू का पाहू? एक काय ते सांगा!"

म्हणून आवाज बंद करून पडद्यामागून आपणच मराठीत बोलायचं ठरलं. बुद्धविहाराच्या गल्लीतल्या वंदनाताई इंगळे हायस्कूलात इंग्रजी शिकवतात. त्यांनी महिनाभर बसून सगळे संवाद मराठीत केले. मग अध्यक्ष, म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर देशमुख सर, यांनी आवाज वाटले. हिरो गजूभाऊ. हिरोईन सरांच्या सूनबाई, माहेर पुणे. बाप स्वतः सर. मी लॅपटॉपवर.

वंदनाताई मोलकरीण. सात वाक्यं.

*

सरांचा आग्रह, हिरोने शुद्ध बोलावं. तालमीत गजूभाऊ म्हणाले, "मी तुझ्यावर प्रेम करून राहिलो आहे."

"'राहिलो' काढा."

"मंग प्रेम थांबलं वाटते ना सर!"

*

वंदनाताईंनी दाखवून दिलं, की मूळ सिनेमात न्हाव्याच्या गावंढळ बोलीला सगळे हसतात. म्हणजे तो वऱ्हाडीच बोलायला हवा. सरांनी नाइलाजाने मान्य केलं.

अमडापूरला शो झाला. गजूभाऊंच्या एकाही वाक्याला कोणी हसलं नाही. मध्यंतरात एकाला विचारलं, तर म्हणे, "हसाचं काऊन? पोरगा बरोबर बोलून राह्यला."

हसले ते सूनबाईंच्या प्रत्येक वाक्याला. अगदी पोट धरून. परतताना गाडीत सूनबाई म्हणाल्या, "माझा रोल विनोदी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

*

एकदा शहरातून एक प्राध्यापक आले. सिनेमानंतर त्यांनी विचारलं, "या चित्रपटात कोण दिसत नाही? कोणाचं प्रतिनिधित्व नाही? विचार करा."

मग मागून एक शेतकरी उठले. "बैल."

"म्हणजे?"

"गावाचा सिनेमा, एवढे द्राक्षाचे मळे, अन बैल एकबी नाही. कोनाचं प्रतिनिधित्व म्हनता तुमी?"

प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं. वंदनाताई म्हणाल्या, "मोलकरीण दिसते सर, पण तिले नाव नाही. शेवटच्या यादीत नुसतं 'मोलकरीण'." हे लिहायला प्राध्यापकांच्या वहीत पान उरलं नव्हतं.

*

डोणगावच्या शोआधी सूनबाईंचा घसा बसला. वंदनाताई सरांना म्हणाल्या, "यावेळी हिरोईन मी करते. मला सगळं पाठ आहे."

पाठ असणारच, लिहिलंय त्यांनीच! सर म्हणाले, "आवाज छान आहे हो तुमचा. पण लोकांना सवय नाही."

"कशाची?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी डोणगावला हिरोईन सूनबाईच बसलेल्या घशाने बोलल्या. सरांशी हे बोलणं झालं तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि मी तोंड उघडलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

*

जानेफळला हॉल भरलेला. सुरुवातीला सरांनी 'सर्वांचा समावेश' या विषयावर वीस मिनिटं भाषण केलं. वंदनाताईंनी आपली सात वाक्यं चोख म्हटली.

शेवटचा सीन. लांबलचक टेबल, बापाने न्हाव्याला मिठी मारलेली, सगळे जेवायला बसलेले. मोलकरीण हातात ताट घेऊन दाराशी उभी. सूनबाई आनंदाने म्हणाल्या, "आज आपलं कुणीच बाहेर राहिलं नाही!"

इथे सिनेमात संगीत आहे. आमच्याकडे आवाज बंद, म्हणून शांतता. त्या शांततेत वंदनाताईंनी माईक जवळ घेतला. पडद्यावर मोलकरणीचे ओठ मिटलेले होते.

"मंग मी बसू का?"

सरांनी कागद उलटून पाहिला. त्यात हे वाक्य नव्हतं, त्यामुळे उत्तरही नव्हतं. गजूभाऊ माझ्याकडे बघायला लागले. सूनबाईंनी माईक खाली ठेवला. पडद्यावर मोलकरणीने ताट टेबलावर ठेवलं आणि ती पाठ फिरवून स्वयंपाकघराकडे निघाली.

तेवढ्यात हॉलमधून एक म्हातारी ओरडली, "अवं बाई, चालली कुठं? बस ना!"